मटन स्ट्रीटवरील खणांची युरोपीय कपाटे

मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवरच्या ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, तेथे गिऱ्हाइकाला खण पूर्ण बाहेर काढून, उलटा करून पाहू देतात, आणि मला ही त्या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. युरोपीय खणांच्या कपाटाचे वय दर्शनी नक्षीपेक्षा खणांच्या सांध्यांवरून आणि तळावरून अधिक खात्रीने ठरते.

दर्शनी भागात पोट फुगीर असलेले फ्रेंच कपाट आहे. आंद्रे-शार्ल बूल या फ्रेंच कारागिराने १७०८-०९ मध्ये चौदाव्या लुईच्या त्रियानों महालासाठी अशी दोन कपाटे घडवली, आणि पंधराव्या लुईच्या काळात हा घाट अधिक वळणदार, फुगीर झाला. मात्र येथील नगाचे डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवून केलेले जोड) यंत्रावर कापल्यासारखे एकसारखे आहेत, स्क्रूही टोकदार आहेत. म्हणजे शैली अठराव्या शतकाची असली तरी नग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा आहे. मालकांनी हे आपणहून सांगितले.

खरे सुख आतल्या बाजूला ठेवलेल्या इंग्रजी महोगनी कपाटात आहे. ब्रिटनने १७२१ साली वसाहतींतील लाकडावरची जकात उठवल्यावर इंग्रजी फर्निचरमध्ये अक्रोडाची जागा हळूहळू महोगनीने घेतली. या कपाटाच्या खणांच्या कडांना बारीक गोलसर पट्टी आहे, बाजू ओकच्या आहेत, आणि हाताने कापलेले सांधे कोठे रुंद, कोठे अरुंद आहेत. दर्शनी फळीच्या आतून बुजवलेली भोके दिसतात, त्यामुळे मुठी बदललेल्या आहेत हे उघड होते. किंमत ठरवताना ते अवश्य बोलून दाखवावे.

मुंबईतील घरासाठी मात्र मी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचे सागवानी प्रवासी कपाट सुचवेन. विनिअर, म्हणजे वरून लावलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर, जुन्या सरसाने चिकटवलेले असते आणि पावसाळ्यातील दमटपणात ते सुटू लागते, तर भरीव सागवान तो दमटपणा पुष्कळ सोसते. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आहेत आणि सामानाला अडकू नयेत म्हणून मुठी फळीत खोल बसवल्या आहेत. दुकानात विक्रीपूर्वी चकचकीत पॉलिश चढवण्याची सवय आहे, जी जुन्या पृष्ठभागाचा नाश करते. सौदा करतानाच त्याला नकार द्यावा. कपाट मधोमध दोन भागांत सुटते आणि पायही फिरवून निघतात, त्यामुळे गिरगावातील चाळीच्या अरुंद जिन्यावरूनही ते वर नेता येते.