जाड पाते की पातळ? रानात नेण्याच्या चाकूची निवड

रानात मुक्कामासाठी पहिला चाकू घेताना सगळ्यात आधी पात्याची जाडी पाहा. जाहिरातींत भर असतो तो लांबीवर, काळ्या लेपावर आणि दातेरी पाठीवर. हातात काम पडले की फरक जाणवतो तो जाडीचा.

तीन प्रसिद्ध चाकू शेजारी ठेवू. बेकर बीके 2 चे पाते 6 मिमीहून जाड, वजन सुमारे 450 ग्रॅम. स्वीडनच्या मोरा कंपॅनियनचे पाते 10 सेंमीच्या आसपास, जाडी अवघी 2.5 मिमी. फ्रान्सचा ओपिनेल क्रमांक 8 घडीचा, साडेआठ सेंमी पात्याचा आणि खिशात असल्याचे जाणवूही नये इतका हलका.

ओंडक्यावर पाते ठेवून वरून दांडक्याने ठोकायचे आणि लाकूड फोडायचे, ही बॅटनिंगची पद्धत व्हिडिओंमुळे फार लोकप्रिय झाली. त्यात बेकरला तोड नाही, कारण जाड पाते पाचरीचे काम करते. पण मुक्कामावर दिवसभरात काय करतो? दोरी कापतो, तंबूसाठी खुंट्या तासतो, चूल पेटवायला बारीक ढलप्या काढतो, कांदा-बटाटा चिरतो. या कामांत तेच जाड पाते आड येते. बटाटा चिरण्याऐवजी फुटतो आणि हात लवकर भरून येतो.

मोरा इथे खरोखर सुंदर चालतो. त्याची धार स्कँडी पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच रुंद, सपाट उतार. हा उतार लाकडावर टेकवला की तासायचा कोन आपोआप सापडतो. धार लावतानाही तोच उतार दगडावर सपाट टेकवायचा, त्यामुळे नवख्यालाही जमते. उणीव एक आहे: पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, म्हणून पाते खुपसून उचकटण्याचे काम त्याच्याकडून करून घेऊ नये. मनगटाएवढे सरळ तंतूंचे लाकूड मात्र तो फोडतो. त्याहून जाड लाकडासाठी सोबत घडीची लहान करवत ठेवा. दोन्ही मिळून वजन बेकरपेक्षा कमी भरते आणि लाकूड आडवे कापायला कोणत्याही चाकूपेक्षा करवतच बरी.

ओपिनेलचे पाते 1955 पासून फिरत्या कड्याने पक्के होते, तरी तो घडीचाच चाकू. शिवाय लाकडी मूठ भिजून फुगली की पाते उघडता उघडत नाही. दिवसाच्या भटकंतीला आणि स्वयंपाकाला तो उत्तम, एकमेव चाकू म्हणून मी नेणार नाही.

पोलादाचा निर्णय हवेवर सोडा. बेकरचे पोलाद कार्बनचे: त्याला लवकर धार लागते, पण ओले राहिले तर ते गंजते. मोरा कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. समुद्रकाठी किंवा पावसाळ्यात स्टेनलेस घ्या. फेरो रॉडने, म्हणजे घासल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीने, ठिणग्या पाडायला पोलाद कोणतेही चालते, पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण हवी. सध्या बोलबाला आहे तो धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांच्या, 2021 मध्ये बाजारात आलेल्या मॅग्नाकटचा. चिवटपणा आणि गंजरोध एकत्र आणणारे ते फार चांगले पोलाद आहे. तरी पहिल्याच चाकूसाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजू नका. पात्याचा आकार चुकला तर उंची पोलादही तो सावरत नाही.

1980 च्या दशकात गाजलेले पोकळ मुठीचे चाकू अजून विकले जातात. गळ आणि काड्या ठेवायला केलेली ती पोकळी पात्याचा जोडच कमकुवत करते. पाठीवरचे दातेही टाळा. ते लाकडात अडकतात आणि बॅटनिंग करताना दांडक्याच्या चिंध्या करतात.

थंड प्रदेशात, फक्त ओली लाकडे फोडूनच शेकोटी पेटणार असेल, तर बेकरचे वजन वाहणे योग्य. इतरांनी मोरा घ्यावा. चाकू जवळ बाळगण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, ते निघण्याआधी पाहून घ्या.