मुलांनी शोधायचं की बाईंनी शिकवायचं?

पुण्यात शाळा बघायला निघालात की एकीकडे ‘ज्ञानरचनावादी’ (म्हणजे मुलांनी स्वतः करून, शोधून शिकायचं) अशी पाटी आणि सतरंजीवर गटागटाने बसलेली मुलं दिसतात. दुसरीकडे फळा, वही आणि ‘आमच्याकडे पाया पक्का होतो’ हे आश्वासन. कोथरूडमध्ये माझ्याकडे विज्ञानाला दोन्हीकडची पाचवी-सहावीची मुलं येतात, म्हणून हा सल्ला.

परवा मुलांना दोरा आणि लोखंडी नट दिले. लंबक सावकाश कशाने हलतो, ते शोधायचं. एकीने जड नट बांधला, पण गाठ मारताना दोराही लांब राहिला. झोके सावकाश झाले. ‘जड असलं की सावकाश,’ तिने वहीत लिहूनही टाकलं. वीस मिनिटं जीव लावून काम केलं होतं पोरीने! मी एवढंच म्हटलं, ‘एका वेळी एकच गोष्ट बदल.’ दोरा तेवढाच ठेवून तिने नट बदलला, दहा झोके मोजले. वेळ जवळजवळ तोच. ‘मग दोऱ्यामुळे?’ हे मात्र तिचं तिला सुचलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायचं, नेमकं हेच कौशल्य क्लार आणि निगम या संशोधकांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांमध्ये तपासलं. थेट शिकवलेल्यांपैकी ७७ टक्के मुलांना ते जमलं; स्वतःहून शोधायला सोडलेल्यांपैकी फक्त २३ टक्के. नवख्या मुलाची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवायची ताकद, चाचपडण्यातच खर्च होते, शिकायला उरत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते: ज्यांना जमलं, ती मुलं पुढच्या कामात सारखीच निघाली, मग कौशल्य कुठल्याही वाटेने आलेलं असो.

स्वतः शोधलेलं जास्त टिकतं, ही मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांची १९६१ मधली मांडणी मला आजही भावते. विषयाची ओळख झालेल्या मुलाला पायरी-पायरीने समजावत बसलं तर ते कंटाळतं, अडखळतंही. तिथे त्याला मोकळं सोडावंच.

तरी प्राथमिकसाठी एकच निवडायचं असेल, तर मी नीट शिकवणारी शाळा निवडेन. शोधायची हौस घरी दोरा-नटावर भागते, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेसारखी जागाही शहरात आहे. अपूर्णांक कच्चे राहिले तर ते भरून काढायला मात्र वर्ष जातं.

प्रवेशाआधी अर्धा तास वर्गात बसू द्या म्हणावं. मूल चुकीच्या उत्तरापाशी पोचलं की बाई काय करतात, तेवढंच बघा.