इनो, फॅमोटिडीन की पॅन? टाकीतला बॉल बघा, मग ठरवा

छातीत जळजळ होतेय, घशाशी आंबट येतंय, आपण मेडिकलमध्ये जातो आणि काउंटरवरचा पोरगा विचारतो "इनो देऊ की पॅन?", जणू एकाच गोष्टीची एक पावडर आणि एक गोळी. तसं नाहीये. मधली फॅमोटिडीन धरून तिन्ही औषधं पोटात वेगवेगळ्या जागी हात घालतात, आणि पोट काही गप्प बसत नाही, प्रत्येकाला वेगळं उत्तर देतं.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. आत बॉल तरंगतो, पाणी वर आलं की बॉल उचलला जातो आणि नळ बंद. जठरातही ॲसिडसाठी असाच बॉल आहे. जठराच्या खालच्या भागात डी पेशी असतात, पीएच (तो जितका कमी, तितकं ॲसिड जास्त) साधारण ३ च्या खाली गेला की त्या सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन सोडतात आणि ते शेजारच्या जी पेशींचं गॅस्ट्रिन, म्हणजे ॲसिड वाढवणारं हार्मोन, दाबून टाकतं. गॅस्ट्रिन घटलं की ॲसिडही घटतं. मग जेवण आत आलं की अन्न, त्यातही प्रथिनं, ॲसिड शोषून घेतात, पीएच चढतो, बॉल खाली, नळ परत चालू. ॲसिड बनवणाऱ्या पेशींना हुकूम सोडणारे तिघं: गॅस्ट्रिन, हिस्टामिन आणि मेंदूकडून येणारी व्हेगस नस. व्हेगसला तर नुसता वासही पुरतो, शेजारी फोडणी पडली की तुमच्या पोटात काम सुरू. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवने कुत्र्यांवर हेच दाखवलं, घास पोटात पोचलाच नाही तरी रस सुटतो (त्याला १९०४ चं नोबेल या पचनाच्या कामासाठी मिळालं बरं का, घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते त्या गाजलेल्या प्रयोगासाठी नाही). पण हुकूम कुणाचाही असो, ॲसिड बाहेर ओतणारी मोटर एकच, प्रोटॉन पंप.

आता इनो किंवा जेल्युसिल. हे म्हणजे टाकीतलं पाणी बादलीने उपसणं. काही मिनिटांत बरं वाटतं, हा वेग बाकी दोघांकडे नाही. पण पाणी उपसलं की बॉल खाली येतो आणि नळ उघडतो, त्यामुळे रिकाम्या पोटी घेतलं तर असर तासाभरात संपतो, जेवणानंतर घेतलं तर जरा जास्त टिकतो. इनोमध्ये सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी रोजची सवय लावूच नये. जेल्युसिलसारख्या पातळ औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम जोडीने असतात कारण पहिल्याने पोट घट्ट होतं, दुसऱ्याने सैल. आमच्या आईचं थंड दूधही याच रांगेतलं, पहिली दहा मिनिटं स्वर्ग, नंतर दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम स्वतःच ॲसिड वाढवतात. आईला हे सांगून बघितलंय, उपयोग झाला नाही.

फॅमोटिडीन तीन हुकूमदारांपैकी एकाचं, हिस्टामिनचं, तोंड बंद करते. या जातीचं पहिलं गाजलेलं औषध सिमेटिडीन, १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलं, त्यामागच्या जेम्स ब्लॅकला १९८८ चं नोबेल. आपल्या घराघरात होती ती बहीण रॅनिटिडीन, पण तिच्यात एनडीएमए नावाची कॅन्सरची शंका असलेली अशुद्धी सापडली, अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती २०२२ मध्ये गेली. फॅमोटिडीनला असर दाखवायला तासभर लागतो, मग दहा-बारा तास टिकते, रात्रीच्या जळजळीवर चांगली. लग्नात मिसळ-जिलेबीवर आडवा हात मारायचा ठरलंच असेल तर आधी तासभर घ्यायला हीच बरी. रोज घेतली तर मात्र दोनेक आठवड्यांत शरीर सरावतं आणि जोर कमी होतो. किडनीचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच.

पॅन, म्हणजे पँटोप्राझोल, थेट मोटरच जाम करते. तिघांत सगळ्यात जोरदार, पण घाईच्या कामाची नाही, पूर्ण असर यायला तीन-चार दिवस जातात. ती फक्त चालू असलेल्या पंपांना चिकटते, म्हणून नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. चहा-बिस्कीट, पोहे सगळं झाल्यावर गोळी घेऊन "पॅन लागू पडत नाही" म्हणणारे मी किती बघितलेत! चावायची नाही, कुटायची नाही, वरचं कोटिंग गोळीला जठरातल्या ॲसिडपासूनच वाचवायला असतं. अल्सर, अन्ननलिकेची जखम, एच पायलोरी या जठरातल्या जिवाणूवरचा कोर्स, किंवा म्हाताऱ्या माणसाला रोज पेनकिलर चालू असेल तर इथे दुसरा विचारच नको.

गोची थांबवताना होते. ॲसिडच नाही म्हटल्यावर बॉल कायम खाली, गॅस्ट्रिन महिनोन् महिने ओरडत राहतं, आणि गोळी बंद केली की मोकळ्या झालेल्या पंपांवर तो सगळा आरडाओरडा एकदम पडतो. २००९ च्या एका डॅनिश अभ्यासात ॲसिडिटी नसलेल्या १२० धडधाकट लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, बंद केल्यावर त्यातल्या ४४ टक्क्यांना ॲसिडिटीसारखा त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे त्रास परत आला तो आजारामुळेच असं नाही, गोळी सोडल्यामुळेही असू शकतो. वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं तेही आहेच.

गिळताना अडकणं, काळी शी, वजन उतरणं, रक्ताची उलटी, यात या तिघांपैकी काहीच निवडायचं नाही, सरळ डॉक्टर. आणि जळजळीबरोबर घाम, हात-जबडा दुखणं असेल तर इनो ढवळत न बसता हॉस्पिटल गाठा.

माझं म्हणाल तर महिन्यातून दोनदा होतं तेव्हा जेल्युसिल, आणि बाहेर जेवायचं असेल तर फॅमोटिडीन. पाठदुखीच्या वेळी पेनकिलरसोबत लिहून दिलेली पॅन मी पेनकिलर संपल्यावरही दोन वर्षं घेत होतो, कारण बंद कर असं कुणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटी डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड केली, मग सोडली, पहिले दोन आठवडे जेल्युसिलची बाटली उशाशी होती, तिसऱ्या आठवड्यात ती फ्रिजवर गेली.