जखम भरायला किती वेळ द्यायचा?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू करताना आपण नकाशे आणि देवदेवता यांच्यात रात्री जागवतो, आणि विश्रांतीचा नियम मात्र पुस्तकात असेल तो मुकाट्याने घेतो. मी आता उलटं करतो, आधी हा नियम ठरवतो. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, पुढे जायचं की मागे फिरायचं, हा प्रश्न दर सेशनला निघतो आणि त्याचं उत्तर या नियमातच असतं.

तिसऱ्या लेव्हलचा, बऱ्यापैकी काटक फायटर घेऊ. मार खाऊन बसलाय.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत त्याचे साधारण २८ हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) असतात. समजा ९ उरलेत. तासभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये त्याने तीनपैकी दोन हिट डाइस (बरं होण्यासाठी राखलेले फासे) खर्च केले, तर सरासरी १५ परत मिळतात. आठ तास झोपला, म्हणजे लाँग रेस्ट घेतला, तर सगळेच. २०१४ च्या नियमात लाँग रेस्टनंतर वापरलेल्या हिट डाइसपैकी थोडेच परत मिळत, २०२४ पासून सगळे मिळतात. म्हणजे रात्री मरणाच्या दारात असलेला गडी सकाळी ठणठणीत. हे हास्यास्पद वाटतं, पण मला ते फारसं खटकत नाही. खटकतं ते दुसरंच. २०१४ च्या डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गाइडने एका दिवसात सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्यात. रविवारी तीन तास जमणाऱ्या टेबलावर दोन होतात. मग विझर्ड (जादूगार) पहिल्याच मारामारीत सगळे स्पेल, म्हणजे झोपेनंतरच परत मिळणारे मंत्र, उधळतो आणि म्हणतो, "दार लावा रे, झोपू आठ तास." आमच्याकडे हे झालंय, आणि पलीकडच्या खोलीत मध्यरात्री बळी जाणार होते! बिचारा वॉरलॉक, म्हणजे दुसऱ्या जातीचा जादूगार, ज्याचं सगळं शॉर्ट रेस्टवर चालतं, तो बघत बसतो.

पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) झोपेला एवढा भाव नाही. तिथे रात्रीच्या झोपेने आपल्या फायटरचे जेमतेम ६ पॉइंट भरतात. खरं काम मेडिसिन हे कौशल्य करतं: दहा मिनिटं मलमपट्टी, रोल जमला तर आठ बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ९. मग त्याच माणसावर पुन्हा प्रयत्न करायला तासाभराचा खोळंबा. ३० पॉइंट गेले असतील तर रोल जमत गेले तरी तीन तास मोडतात. कंटिन्युअल रिकव्हरी हे फीट (पात्राची निवडलेली खास करामत) घेतलं की तेच चाळीस मिनिटांवर येतं. त्यामुळे जादू नसली तरी चालतं, पण पार्टीत कुणीतरी वैद्यकी शिकलेला हवाच. शिवाय पडून उठलेला माणूस 'वूंडेड' होतो, पुढच्या वेळी मृत्यूच्या एक पायरी जवळून सुरुवात करतो, आणि मलमपट्टीने ते पुसलं जातं. डीएमने लक्षात ठेवावं: इथल्या चकमकी पार्टी जवळपास पूर्ण बरी आहे असं धरून बेतलेल्या असतात. श्वास न घेऊ देता दुसरी अंगावर घातली, तर माणसं मरतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट नियमांत (ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स या खेळात तेच आहेत) पूर्ण दिवस पडून राहिलात तर १ ते ३ पॉइंट. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे (देवाच्या पुजाऱ्याकडे) एकही स्पेल नाही. शून्य म्हणजे मेला. चौदापैकी चार उरलेला फायटर पाच दिवस गावात कण्हत पडतो, तोवर शिधा संपतो आणि रिकामी केलेली खोली डीएम पुन्हा भरून ठेवतो. ज्यांना तलवार शेवटी काढायला आवडते, त्यांनी हेच घ्यावं. ज्यांनी व्हिडिओ गेम खेळून हिरो व्हायचं ठरवलंय, ते दुसऱ्या रविवारी येणार नाहीत.

केर्न हा खेळ फुकट आहे आणि डोकेबाज आहे. पाण्याचा घोट, क्षणभर दम, की 'हिट प्रोटेक्शन' परत. कारण ते रक्त नव्हेच, चुकवाचुकवी आहे. खरी जखम ताकदीवर बसते आणि तिला वैद्याजवळ आठवडा लागतो.

नवखे खेळाडू आणि तीन तासांचा सेशन असेल तर मी पाचवी आवृत्तीच घेईन, फक्त लाँग रेस्ट गावात किंवा सुरक्षित छताखालीच. २०१४ च्या डीएम गाइडमधला 'ग्रिटी रिअ‍ॅलिझम' पर्याय, म्हणजे शॉर्ट रेस्ट आठ तास आणि लाँग रेस्ट सात दिवस, कागदावर छान दिसतो. पण आठ तास टिकणारं मेज आर्मर (जादूचं चिलखत) मग एका शॉर्ट रेस्टमध्येच संपतं. काहीही निवडा, पण पात्रं बनवायच्या आधी सांगा. वॉरलॉक घेणाऱ्याला तर वेगळं बसवून सांगा.