‘अंगठा लागला नाही, परत ठेवा’

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मावशींचे, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे साठलेले पैसे असे गेले. गावातल्या अंगठ्याच्या मशीनवर त्या 2,000 रुपये काढायला गेल्या. अंगठा ठेवला. ‘सर्व्हर डाऊन आहे मावशी, परत ठेवा.’ परत ठेवला, 2,000 हातात आले. दोन महिन्यांनी पासबुक भरून घेतलं, तर त्याच तारखेला ‘एईपीएस’च्या, म्हणजे आधारवरून पैसे काढल्याच्या, दोन ओळी: एक 10,000 ची, एक 2,000 ची. मोबाइलवर मेसेज आला होता, पण इंग्रजीत. घरात कुणी वाचलाच नाही.

आधारवरून पैसे काढताना कार्ड, पिन, ओटीपी काहीच लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर एका वेळी 10,000 पर्यंत निघतात. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा सल्ला इथे उपयोगाचाच नाही. बॅलन्स बघायलाही अंगठाच लागतो. म्हणून स्क्रीनवर ‘बॅलन्स’ आहे की ‘विड्रॉल’, आणि रक्कम किती, हे बघितल्याशिवाय बोट ठेवू नका. आपल्या भागात स्क्रीन कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि अंगठा ठेवणारा माणूस मराठी वाचणारा. नेमकं तिथेच फावतं. वाचता येणारं कुणीतरी सोबत न्या. ‘फेल झालं’ म्हणाले तरी पावती मागा. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून मागायला संकोच वाटतो, आणि तोच महागात पडतो.

मशीनजवळ न जाताही पैसे जातात. 2023 मध्ये कर्नाटकात उघडकीला आलं, की नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ पोर्टलवरच्या दस्तांमधले ठसे आणि आधार क्रमांक उचलून खाती रिकामी केली जात होती. नंतर सरकारने ते झाकायला घेतले, पण आधी उतरवून घेतलेल्या प्रती काही परत येत नाहीत. जमिनीचं खरेदीपत्र किंवा बक्षीसपत्र केलेल्यांनी तर आजच आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे ठशाचा वापर, लॉक करावं.

त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा आधारच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून लॉक होतं. त्यानंतर कुणी ठसा वापरला तर मशीन 330 हा एरर दाखवतं. अडचण एकच, रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. रांगेत नंबर जवळ आला की तात्पुरतं अनलॉक करा. 10 मिनिटांनी ते आपोआप लॉक होतं. घरात स्मार्टफोन नसेल तर ही कटकट मोठी आहे. मग निदान बँकेत लेखी अर्ज देऊन आधारवरून पैसे काढणं बंद करून घ्या. झेरॉक्स देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या.

पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. काढलेली रक्कम आधी मशीनवाल्या एजंटच्या वॉलेटमध्ये जमा होते. ती पुढे वळायच्या आत तक्रार पोचली तर गोठवता येते. मग बँकेत लेखी तक्रार, शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर पडा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार दोष आपलाही नाही, बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा आहे, आणि मेसेज मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. कामाचे 4 ते 7 दिवस झाले तर नेहमीच्या बचत खात्यावर 10,000 पर्यंतचा भार आपल्यावर येतो. त्यापुढे बँकेचं धोरण. पोलिसांत बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या ठाण्यात जा, आणि जाताना त्या तारखेची ओळ असलेलं पासबुक बरोबर ठेवा.