टॉवेलच्या मागावर तयार झालेला कान आणि चार अल्बम

सोलापुरात आमच्या घराच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना होता. कारखाना म्हणजे वर पत्रा आणि आत आठ माग. बाबा तिथंच जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बाहेरच्या माणसाला मागाचा आवाज नुसता खटखट वाटतो. पण टेरी टॉवेलच्या मागात पहिले दोन पिक, म्हणजे आडवे धागे, सैल राहतात, तिसऱ्याला फणी पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे एकदम पुढं सरकतात. टॉवेलला जो लूप येतो तो त्यामुळं. म्हणजे ठोका तिनाचा: सैल, सैल, घट्ट. बाबा ओट्यावर चहा पिता पिता मधेच कप ठेवायचे, "चार नंबरचं पिकर गेलं" म्हणायचे (पिकर म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला धक्का देणारा तुकडा) आणि उठायचे. कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

हे सांगायचं कारण, मी मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीत, ऐकतो ते त्याच कानानं. मेटॅलिका, स्लेयर या गाजलेल्या बँडवर लिहायला लोकांची रांग आहे, त्यात मी कशाला. आपल्याकडं फारसं कुणी नाव काढत नाही असे चार अल्बम घेतो. सीडी मी अजूनही विकत घेतो. यातली एक मे महिन्यात कुरिअरवाल्यानं आम्हाला फोन न करता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर उन्हात टाकली. डबीला तडा गेलाय, सीडी वाजते.

पहिला थ्रॅश, म्हणजे मेटलचा वेगवान प्रकार. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डिमॉलिशन हॅमरचा 1992 चा 'एपिडेमिक ऑफ व्हायलन्स'. त्याच्या आदल्या वर्षी मेटॅलिकानं गाडी हळू केली होती आणि बाकीचेही एकेक करून गिअर खाली टाकत होते. या चौघांनी उलट अ‍ॅक्सिलरेटर दाबला. 'स्कल फ्रॅक्चरिंग नाइटमेअर' सुरू होतं तेव्हा विनी डेझचे ड्रम अक्षरशः मागाच्या पिकिंगच्या दांड्यासारखे बसतात: जोर पूर्ण, पण धोटा पेटीबाहेर उडत नाही. हा माणूस 1996 मध्ये गेला. मी एकदा मुद्दाम बाबांना ऐकवलं. त्यांनी अर्धं गाणं ऐकलं आणि विचारलं, "ह्याला तेल कोण घालतंय?" त्यांच्या तोंडून ही दाद आहे. तक्रार एवढीच की नऊ गाण्यांचा चेहरा एकसारखा, आणि शब्द म्हणजे खाटकाच्या दुकानाचा रेटबोर्ड. एका दमात ऐकू नका, चार-चार गाणी घ्या. यांचा 1994 चा 'टाइम बॉम्ब' मात्र घेऊ नका. तोवर यांनीही गाडी हळू केली होती.

आता डेथ, म्हणजे गुरगुरत गायचं मेटल, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार. फिनलंडमधलं कुओपिओ नावाचं गाव, तिथला डेमिलिच हा बँड, आणि त्यांचा एकुलता एक अल्बम 'नेस्पिथे', 1993 चा. अल्बम आला त्याच वर्षी बँड फुटला. नावाचा अर्थ शोधायला डिक्शनरी उघडू नका. इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की 'द स्पाइन' होतं, म्हणजे पाठीचा कणा. गाण्यांची नावं तर आमच्याकडच्या लग्नपत्रिकेसारखी, सुरुवात केली की दम लागतो. 'द सिक्स्टीन्थ सिक्स-टूथ सन ऑफ फोर्टीन फोर-रीजनल डायमेन्शन्स, स्टिल अननेम्ड'. सहा दातांचा सोळावा मुलगा, आणि त्याचं बारसं अजून व्हायचंय! शेवटच्या गाण्याचं नाव इथं लिहिण्यासारखं नाही.

आधी आवाजाचं सांगतो, कारण नव्या माणसाची गाडी तिथंच अडते. अँटी बोमन गातो तो आवाज म्हणजे दोन कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही रेटून खाल्लेल्या माणसानं कोरड्या विहिरीच्या तळाशी बसून दिलेला ढेकर. त्यावर यंत्राची काही करामत नाही, नुसता घसा. मी पहिल्यांदा लावला तेव्हा माझा मित्र, जो चाळीस पॉवरलूमच्या शेडमध्ये आरामात झोपतो, तो उठून बसला. "काय ऐकलालास बे? पाइप तुंबलाय काय?"

पण त्या आवाजाखाली गिटार काय करतात ते ऐका. पहिलंच गाणं, 'व्हेन द सन ड्रँक द वेट ऑफ वॉटर'. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, सुरळीत चालणार असं वाटतं आणि शेवटाला तो अर्धं पाऊल जास्त टाकतो. पुन्हा येतो तेव्हा भलतीकडं वळतो. पाय चाराचा ठेका धरायला बघतो आणि दर वेळी पायरी चुकते. पहिले आठ-दहा दिवस मला हे बिघडलेल्या मागासारखं वाटायचं, पिकर गेलाय, कुणीतरी उठायला पाहिजे. मग एका रात्री गच्चीवर, शेजारच्या शेडमध्ये सेकंड शिफ्ट चालू असताना, डोक्यात टाळा उघडला. ही मंडळी सैल, सैल, घट्ट खेळतायत, फक्त घट्ट पिक कुठं पडणार ते सांगत नाहीत. त्या दिवसापासून मी रिफ मोजायचा सोडला आणि घट्ट पिकाची वाट बघायला लागलो. एकोणचाळीस मिनिटं कधी संपतात कळत नाही. ड्रमचा आवाज कोरडा आहे, अजून थोडं पोट हवं होतं. तरीही चारांत पहिला नंबर याचाच, आणि दुसरा बराच मागं आहे. स्वार्ट रेकॉर्ड्सनं 2014 मध्ये जुन्या डेमोंसकट पुन्हा काढलाय, मिळाला तर तो घ्या.

तिसरा डूम, म्हणजे संथ, जड मेटल. त्यासाठी सोलापूरचा मे महिना पाहिजे. त्रेचाळीस डिग्री, लाइट गेलेली, ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर पडायचं आणि मोबाइलमध्ये असेल तेवढ्या बॅटरीवर ऑस्ट्रेलियाच्या डिसेम्बॉवेलमेंटचा 'ट्रान्सेंडन्स इंटू द पेरिफेरल' लावायचा. हाही 1993 चा, यांचाही हा एकच अल्बम, मेलबर्नचा बँड. सात गाणी, जवळजवळ एक तास. रांगत रांगत जाणारं गिटार, मधेच अंगावर कोसळणारे ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, आणि परत रांगणं. 'अ बरिअल अ‍ॅट ओर्नां' हे नाव कुर्बे या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रावरून आलंय, खेड्यातल्या लोकांनी खड्ड्याभोवती उभं राहिलेलं ते मोठं चित्र. गाणं चौदा मिनिटांचं. खरं सांगायचं तर मधल्या भागात मी दोनदा झोपलोय, आणि तो दोष माझा की अल्बमचा हे अजून ठरवलेलं नाही. हिवाळ्यात लावून बघितला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत. जमला नाही. बाहेर पाळणे फिरतायत आणि आत अंत्ययात्रा.

चौथा आपल्या शेजारचा. बेंगळुरूच्या बेवार सीचा 2012 चा पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा. जड, धुरकट, ब्लॅक सॅबथ या बँडच्या वळणाचा डूम, आणि शब्द कळतील असं गाणं. गुरगुर चालत नसेल त्यांनी इथून सुरुवात करावी. रिफ चांगला सापडला की हे लोक तो सोडत नाहीत, पाहुणा उठतो उठतो म्हणत दारात अर्धा तास उभा राहतो तसं. दोन-तीन ठिकाणी कात्री चालली असती.

नावातली गंमत मात्र सोलापूरकराला कुणी समजावून सांगायला नको. मराठीत बेवारशी, आणि कन्नडमध्ये बेवर्सी ही चांगली भरलेली शिवी. आमची आजी विजापूरकडची. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकत होतो, तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "कोणाचं गाणं रे हे?" मी नाव सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला. "कोणाला म्हणलास?"

त्या दिवशी भाकरी मला स्वतः वाढून घ्यावी लागली.