शुआन कागद: कच्चा घ्यावा की पक्का?

सुलेखन शिकायला येणारी मुलं हल्ली हमखास विचारतात, एवढा महाग चिनी कागद घेण्यात अर्थ आहे का? आन्हुई प्रांतातल्या जिंगशियानचा शुआन मी कच्चा आणि पक्का अशा दोन्ही प्रकारांत मागवला आणि मनसोक्त वापरला. माझं मत स्पष्ट आहे. पैसे कच्च्यावर घाला. पक्का सरावापुरता ठीक.

कच्चा म्हणजे खळ, तुरटी काहीच न लावलेला; पक्का म्हणजे तुरटी आणि सरस लावलेला. आधी कच्च्याबद्दल. ताव इतका मऊ की उलटताना आवाजही होत नाही. बकरीच्या केसांच्या ब्रशने ‘श्री’ लिहून पाहा. शिरोरेषा ओढताना हात चालता आहे तोवर कड स्वच्छ येते. शेवटी क्षणभर रेंगाळलात की तिथे शाई फुटून रेषेचं टोक फुगतं. हाताचा वेग जसाच्या तसा कागदावर उमटतो. वेलांटी शिरोरेषेला छेदते तिथे तर बघत राहावं. दोन फटकारे एकमेकांत विरघळत नाहीत. वाळल्यावर आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे कडांवरून ओळखू येतं. कार्ट्रिज पेपरवर किंवा आपल्या सुती हातकागदावर मला हे कधीच मिळालं नाही.

ही करामत लगद्याची. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा, एवढाच कच्चा माल. तो चुन्यात मुरवतात, शिजवतात आणि डोंगरउतारावर महिनोन्‌महिने ऊन-पाऊस खात पसरून ठेवतात. पांढरेपणा तिथे येतो. मग किवीच्या जातीच्या वेलीचा चिकट रस घातलेल्या पाण्यातून दोन कारागीर दोन बाजूंनी बांबूची चाळण धरून ताव उचलतात, आणि दाबून पाणी काढलेले ताव तापलेल्या भिंतीवर ब्रशने चिकटवून वाळवतात. 2009 मध्ये युनेस्कोने ही कारागिरी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

कागदाचा जनक म्हणून त्साय लुनचं नाव आपण ऐकलेलं असतं. इ.स. 105 मध्ये त्याने हान सम्राटापुढे साल, हेंप, चिंध्या आणि मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून केलेला कागद ठेवला. पण गान्सू प्रांतात कागदाचे तुकडे सापडले आहेत ते त्याच्याही आधीचे. म्हणजे त्साय लुन हा सुधारक होता, आणि त्यामुळे माझ्या मनात त्याचं मोल वाढतंच.

पुढच्या सुधारणा लेखणीने करवून घेतल्या. चीनमध्ये हातात ब्रश, तिथे मऊ कागद चालून गेला. आठव्या शतकात कागद समरकंद, बगदादकडे पोचला, तिथे बोरू. बोरू मऊ तावात रुततो, तंतू उपटतो. म्हणून तिकडच्या कारागिरांनी कागदाला खळ लावली आणि गुळगुळीत दगडाने घोटला. इटलीतल्या फाब्रियानोला पिसाच्या लेखणीसाठी जनावरांच्या कातड्याचा सरस आला. आपले जुन्नरी आणि दौलताबादी कागद खळ-घोटाईच्या घराण्यातले. जुन्या पोथ्यांतली अक्षरं इतकी रेखीव दिसतात त्यात बोरूइतकाच घोटाईचाही वाटा आहे.

खुद्द चीनमध्ये बारीक रेषेच्या चित्रांसाठी तुरटी आणि सरस लावायची पद्धत पडली. तोच पक्का शुआन. बोरू त्यावर सुरेख पळतो, शाई जागची हलत नाही. पण ताव कडक लागतो आणि तुरटीच्या आम्लाने वर्षांनुवर्षांत ठिसूळ होत जातो. एकोणिसाव्या शतकापासूनची यंत्रकागदावरची कितीतरी पुस्तकं हात लावताच तुटतात, त्यालाही मोठ्या अंशी तुरटीच कारणीभूत आहे. कुणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राहावं असं वाटणारं काम मी पक्क्यावर करणार नाही.

मग बोरूवाल्यांनी काय करावं? मी कच्च्या तावालाच गव्हाच्या पिठाची अगदी पातळ खळ लावली, सावलीत वाळवला आणि अकीकाच्या दगडाने हलक्या हाताने घोटला. जोर लावला तर ताव फाटतो, सबुरीने घ्या. ‘क्ष’ची गाठ बोरूच्या एका कापात सलग निघाली, एकही तंतू टोकात अडकला नाही. चिनी लगदा आणि आपल्याकडची घोटाई ही जोडी मला जमली, आणि यापुढे माझं बोरूचं सगळं काम यावरच होणार.

घेताना सालीचं प्रमाण विचारा. सुमारे 60 टक्के साल असलेला ताव अक्षरांना पुरतो; 80 टक्क्यांचा जास्त चिवट आणि महाग. शुआन म्हणून यंत्रावरचा स्वस्त कागदही सर्रास विकला जातो. ताव उजेडासमोर धरा; खऱ्या हातकागदात तंतूंचे ढग दिसतात, यंत्राचा बहुधा एकसारखा असतो. ताव गुंडाळून पाठवायला सांगा. माझ्या विक्रेत्याने 69 बाय 138 सेंटिमीटरचे ताव घडी घालून पाठवले, आणि घडीवर शाई वेगळीच फुटते. फ्रेम करण्याआधी मागून खळीने दुसरा ताव चिकटवून घ्या, नाहीतर शाईच्या जागी कागद सुरकुततो.

खळ लावलेल्या तावांना पावसाळ्यात कसर लागू शकते. गठ्ठा कोरड्या कपाटात ठेवा, आत वेखंडाची पुरचुंडी टाका आणि महिन्याकाठी उघडून हवा द्या.